किंमत नसूही शकते

तांबडी रेघ. परत.

गौरवीने लॅपटॉप बलकांवातल्या, दारापुढच्या पडवीतल्या, बाकावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. म्हापशाची बस दहाला. त्याआधी तारामावशीचं ऑनलाइन दुकान उघडलं, तर आज शुक्रवारच्या बाजारात मावशीच्या जागी शेजारची क्षमा बसणार, मावशी घरून विकणार. नाही उघडलं, तर सुजलेला गुडघा घेऊन मावशीच बस चढणार. शब्द गौरवीने दिलेला.

नऊ वीस.

दुकानाचा दर्शनी भाग गौरवीचा. माल नि ऑर्डरी दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेत. मधे निरोप नेणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, भारी काटेकोर. कुठल्या वस्तूत काय असतं, काय नसू शकतं, तिला पाठ. चुकलात की लिहितानाच तांबडी रेघ. आता म्हणत होती: किंमत नसूही शकते. नसली तर काय दाखवू?

नसेल कशी? दुकान आहे की देऊळ?

गौरवीने किमतीपुढे उद्गारचिन्ह ठोकलं. म्हणजे, आहे, मी सांगते ना, गप्प बस. रेघ गेली.

नऊ चाळीस. मोबाइलवर बघितलं. तांदूळ दिसले. काजू दिसले. मिरचीवर बोट ठेवलं आणि

पांढरं. सगळं पान पांढरं.

"मावशे! मिरचेचो भाव घालूक नाय तू?"

"कसो घालतलंय?" मावशी आतून. "आज बाजारात मिरची कशी येता ती बघूक नको? घरात बसान भाव सांगल्यार मिरचीच हसतली माका."

"म्हणान रकानो रिकामो सोडलंस?"

"रिकामो खंय गो? नंतर सांगतलंय म्हणान सोडलंय."

तीस वर्षांची रीत. लायब्ररी तेवढंच तर विचारत होती.

चिन्ह पुसलं. रेघ आली. या वेळी गौरवीने तिला उत्तर दिलं: किंमत नसेल तिथे लिही, 'भाव आज ठरायचाय, तारामावशीला विचारा', खाली फोनचं बटण. चढवलं. उघडलं! मावशीच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली.

वळणावर बसचा हॉर्न.

"मावशे, मी जावं काय तू जातंस?" क्षमा पायरीवर, एक पाय खाली.

मावशीचा फोन वाजला. डिचोलीची कुणी बाई, मिरचीचा भाव विचारत होती.

"आधी सांगा, मिरची होई कित्याक? माशांच्या हुमणाक काय लोणच्याक?" असं म्हणता म्हणता मावशीने दाराआडचं बाजारात अंथरायचं गोणपाट ओढलं नि क्षमाकडे फेकलं. "माझ्या खांबाक टेकान बस. आणि मिरची बघून पयलो माका फोन कर!"

बस गेली. गोणपाटासकट. आता माघार नाही.

गौरवीने घाईघाईत, रेघांना गप्प करायला आपण आणखी कुठे कुठे ठोकलेली उद्गारचिन्हं शोधायला घेतली. अजून अकरा. पहिलं पुसलं.

तांबडी रेघ: गिऱ्हाइकाचा पत्ता नसूही शकतो.