साडूचे चार, मास्तरांचे तीन

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान चांगलं चालत होतं, घरी सगळं ठीक होतं. डोळ्यांत खुपत होता तो एकटा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा पोहण्याचा कोच. सत्तरीला टेकला तरी पाठ ताठ. सासुरवाडीत काहीही अडलं की "कोचना विचारा". मास्तर शेजारीच बसलेले असले तरी.

दोघी बहिणींनी आपापल्या नवऱ्याला एकदमच तपासणीला नेलं. दोघांचाही रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला, म्हणून दोघांचा एमआरआय झाला. त्या नळकांड्यात पडून खडखडाट ऐकताना मास्तरांच्या मनात आलं, चला, निदान इथे तरी आम्ही बरोबरीचे.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी चौघांना समोर बसवलं. "या फोटोंवरून आम्ही एक ते पाच असे गुण देतो. एक-दोन असले तर बहुधा काळजी नसते. चार-पाच म्हणजे कॅन्सरची शंका, तुकडा काढून तपासावा लागतो. कोच, तुम्हाला चार आहेत."

"आणि मला?" मास्तर म्हणाले.

"तीन. धड इकडे ना तिकडे. पण तुमची ग्रंथीच मोठी आहे, आकडा त्यामुळे वाढलेला दिसतो. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण बायको ताईचा हात धरून रडत होती, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या दिवसापासून घरातला ताजा स्वयंपाक डब्यात भरून ताईकडे जाऊ लागला. मास्तरांच्या ताटात आदल्या दिवशीचं, गरम केलेलं.

"अगं, माझाही रिपोर्ट आलाय," एकदा ते बोलून गेले.

"तुम्हाला काय धाड भरलीय? तीनच तर आहेत!"

हे वर्मी लागलं. मास्तर दुकान बंद करून एकटेच डॉक्टरांकडे गेले. "डॉक्टर, तिनाचे चार नाही का होणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मास्तर, हे काय शाळेतले मार्क आहेत? लोक कमी करून मागतात."

"नाही, म्हणजे... सुई घालून एकदाचा सोक्षमोक्ष..."

"गरज नसताना टोचून कशाला घ्यायचं?"

खरं कारण सांगायची मास्तरांना लाज वाटली. ते आले तसे परत गेले.

कोचच्या तपासणीत कॅन्सर निघाला. वेळेवर सापडला होता, ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला गेले तेव्हा ताई त्यांच्या बायकोबरोबर खोलीच्या दारात उभी होती. "आम्हा दोघींना बाहेर घालवलंय. तुम्हालाच बोलावतायत."

कोच चादर गळ्यापर्यंत ओढून पडला होता. लघवीच्या नळीचा सांधा निसटून पायजमा ओला झाला होता. "नर्सनं नळी नीट केली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पायजमा मात्र तू बदल. या दोघींसमोर नको रे."

मास्तरांनी नळी सांभाळत पायजमा बदलला, चादर सारखी केली. इतक्या वर्षांत कोचनं त्यांच्याकडे काही मागितलं, ते हे.

"कुणाला बोलू नकोस."

"छे!"

घरी जाताना बायको म्हणाली, "भावोजींनी काय धीरानं घेतलं, नाही? हूं की चूं नाही."

मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्यात कोच जमिनीवर आला असता. त्यांनी ते वाक्य गिळलं. "खरंय," ते म्हणाले, आणि तो एक शब्द काढताना त्यांना घाम फुटला.

पुढच्या एमआरआयला मास्तरांचे दोन आले. डॉक्टरांच्या दारातच बायकोनं फोन लावला. "ताई, यांचे दोन आले गं! देवच पावला! बरं, भावोजी आज किती चालले?"

मास्तर लिफ्टचं बटण दाबून उभे राहिले. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. भावोजींचं चालणं अजून संपायचं होतं.