तांड्याची शिरगणती

नानाजी सर आमचे हेडमास्तर. दोन शिक्षकांची शाळा, ते आणि मी, आणि आमचं एकमेकांशी क्षणभरही जमत नव्हतं. काही नवीन सुचवलं की माणूस कारलं खाल्ल्यासारखं तोंड करायचा. म्हणून अकरा जुलैचा, लोकसंख्या दिनाचा उपक्रम मी त्यांना न विचारताच ठरवला. तीच ती पाठ केलेली भाषणं किती वर्षं ऐकायची? यंदा सहावी-सातवीच्या पोरांनी आपल्याच तांड्यातली माणसं मोजायची, तक्ता करायचा आणि त्यावरच गणितं सोडवायची. नियम एकच: काल रात्री जो त्या घरात झोपला, त्यालाच मोजायचं.

"नका करू हे," सर म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सगळ्यांत पुढे सहावीतली निकिता. स्वतःच्या घरीसुद्धा ती वही घेऊनच गेली. तिची आई रुपीबाई म्हणाली, "वणीले गेलेले बी लिव ना. तीजेच्या सणाले येतेत, आपलेच हायेत." तांड्यात कुणी पोटासाठी कुठंही जावो, त्याची गणती घरातच. निकितानं आईला दटावलं, "मॅडमनं सांगतलं, झोपला तोच." मला भारी अभिमान वाटला.

अकरा तारखेला केंद्रप्रमुख आले. निकितानं तक्ता खणखणीत वाचला. "घरं चौतीस. माणसं एकशे अठ्ठावन्न. आपल्या शाळेत येणारी मुलं सतरा."

केंद्रप्रमुखांनी हजेरी मागवली. तिच्यात चोवीस नावं होती.

सात मुलं दोन वर्षांपासून वणीत होती, कोळशाच्या ट्रकवर काम करणाऱ्या बापांजवळ. खालच्या वर्गांची हजेरी सर भरायचे. तिकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा सगळा वेळ त्यांच्यावर चिडण्यात जायचा. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद होणार, ही भीती मात्र मलाही ठाऊक होती.

"छान उपक्रम, मॅडम," म्हणत केंद्रप्रमुखांनी तक्त्याचा फोटो काढला.

दिवाळीआधी आदेश आला. शाळा बंद. मुलांनी चार किलोमीटरवर, नाल्यापलीकडच्या शाळेत जावं. सरांना नोटीस, माझी बदली.

देवीलाल नायक तांड्याचे प्रमुख. ते चपला न काढताच वर्गात शिरले.

"मॅडम, आमच्याच लेकरायच्या हातानं कायले मोजाले लावलं?"

मी तडकले. "मग काय खोट्या नावांवर शाळा चालवायची?"

"ठीक हाय. आता खऱ्या नावावर चालवून दाखवा."

नानाजी सर खाली मान घालून बसले होते. 'मी सांगितलं होतं' असं त्यांनी एकदा म्हणावं, म्हणजे मला भांडता तरी येईल, असं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी रुपीबाई आली. मागे निकिता.

"इचा दाखला नका काढू. माहे दोन पोट्टे जातीन पलीकडे, पोरगी नाही धाडत मी. पावसात नाला कसा भरते, तुमाले मालूम नाही."

"अहो, वर्गात सगळ्यांत हुशार आहे ती!"

"हो ना. हुशार हाय, म्हणूनच बरोबर मोजलं तिनं."

निकिता माझ्याकडे पाहत होती. "मॅडम, मी चुकली का मोजाले?"

"नाही गं. एकही चूक नव्हती."

"मंग शाळा माहीच काहून गेली?"

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. सवयीनं नानाजी सरांकडे वळले. ते दाखल्यांवर सह्या करत होते. गठ्ठा संपला तसं त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि दाखले माझ्याकडे सरकवले. मी मोजले. सोळा होते.