उठणाऱ्यांचीच प्रार्थना

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दिग्रसजवळच्या मिशनच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि बबनराव पास्टर होते. डॉक्टर औषध लिहीत, मी बाटल्या भरी, पास्टर खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करत. त्यांनी प्रार्थना केलेला एकही पेशंट आजवर दगावला नव्हता.

मला संशय होताच. रोज सकाळी वॉर्डात शिरण्याआधी ते माझ्या खिडकीशी थांबत आणि खोकल्याच्या औषधाकडे बघत विचारत, "काय रे नंदकिशोर, डॉक्टर काय म्हणतात? कोपऱ्यातला उठेल ना?" मी "उठेल" म्हटलं की तिथे प्रार्थना. नकारार्थी मान हलवली की त्या खाटेला नुसता नमस्कार.

"देवाची अब्रू जपावी लागते रे," एकदा त्यांनी मला समजावलं. "भर वॉर्डात प्रभूचं नाव घ्यायचं आणि दुपारी माणूस मरायचा. बाजारात लोक काय म्हणतील?"

ते अगदी मनापासून बोलत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पेशंटांना हे कळायला वेळ लागला नाही. प्रार्थना झालेला माणूस लगेच घोंगडी गुंडाळून एसटीची वेळ विचारू लागे. नमस्कार मिळालेल्याचे नातेवाईक गावाकडे निरोप धाडत. मूळव्याधीचा एक म्हातारा तर पास्टर गुडघे टेकेपर्यंत त्यांचा कोट सोडत नसे.

मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरची हंसाबाई आली. तिची पोर जमनी मुदतीच्या तापाने ग्लानीत होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सकाळी पास्टरांनी विचारलं, मी मान हलवली. त्यांनी जमनीला नमस्कार केला आणि निघाले.

हंसाबाई वाटेत आडवी उभी राहिली. "काहून निघाले? माह्या पोरीसाठी कायले नाई?"

"संध्याकाळी करू, बाई."

"संध्याकाळलोक ते राहीन काय? तुमाले मालूम हाय, ते मरून राह्यली."

पास्टर हळूच म्हणाले, "तसं झालं तर देवाच्या नावाला बट्टा लागेल हो."

"म्हणजे त्याची इज्जत तुमी राखून राह्यले? त्यानं ठेवलं काय तुमाले राखणीवर?" हंसाबाईचा आवाज चढला. "आमच्या तांड्यात कोणी नायकाच्या दारात येऊन पडला, त नायक पयले इचारत नाई, तू जितशीन का हारशीन. हारल्यानं इज्जत जात नाई, पास्टरसाहेब. दारातून हाकललं, त जाते."

मग तिने वर छताकडे पाहिलं. "आयक गा, पास्टरच्या नायका! पोर तुह्या दारात टाकली. तोंड फिरवशीन, त दिग्रसच्या भर बाजारात सांगीन."

"बाई! देवाला धमकी?" पास्टर पांढरे पडले. मग थबकले. "बायबलात मोशेही देवाशी असंच बोलला होता," ते पुटपुटले. "या लोकांना रानात मारलंस तर मिसरी लोक काय म्हणतील, म्हणून. आणि देवाने ऐकलं होतं." त्यांनी हंसाबाईकडे संशयाने पाहिलं. "तुम्ही रविवारी माझ्या उपदेशाला होतात काय?"

"मी कायले येऊ?"

पास्टरांनी गुडघे टेकले. मूळव्याधीचा म्हातारा तक्रारीच्या सुरात ओरडला, "आता आमी भरवसा ठेवाव त कायवर?"

प्रार्थना वाईट झाली. एरवी ते घडाघडा बोलत. आज पहिल्यांदाच त्यांना शेवट माहीत नव्हता. ते अडखळले, रडले, मग म्हणाले, "नावाचं तुझं तू बघ. मला हिची पोर दे."

ते उठलेच नाहीत. दुपारी खाटेवरून आईला बारीक हाक आली, "याडी, भूक."

हंसाबाईने पोरीला उराशी धरलं. मी डॉक्टरांना धावत आणलं. त्यांनी जमनीची नाडी पाहिली. "आज जाईल असं वाटत नाही. उद्याचं सांगता येत नाही."

पास्टरांचे डोळे मिटलेलेच होते. "नंदकिशोर, कोण बोललं?"

"जमनी."

"कोपऱ्यातला पेशंट नाही ना?"

"जमनीच."

"डॉक्टरांनी तुला आधीच सांगितलं होतं ना? खरं सांग."

मी शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला नाही.

"उद्याचं काय म्हणाले ते?"

"सांगता येत नाही म्हणाले."

"बरं," पास्टर म्हणाले, आणि डोळे न उघडता त्यांनी पुन्हा सुरुवात केली.