प्रभूचा पाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. पाटाचा जन्म बसण्यासाठी असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण माझ्या आयुष्याची पहिली काही वर्षे माझ्यावर कोणी म्हणजे कोणीही बसले नाही. मला म्हणायचे ‘प्रभूचा पाट’, आणि प्रभूचे वजन तर मला कधी गुंजभरही जाणवले नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत. तरी माझा तोरा मात्र मोठा होता. तो कसा उतरला, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. तिकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. गावच्या देवळाची बाके विठोजी सुतारांनी केली आणि उरलेल्या फळ्यांतून आम्हा तीन पाटांचा संच काढला. लेकीला सासरी पाठवायचे होते ना! त्यांची लेक मथुरा. तिचा नवरा पद्माकर बंगलोरला सरकारी कारखान्यात लेथवर काम करी. विठोजींनी माझ्या चारही कोपऱ्यांना पितळी फुले ठोकली, शेंदरी कापडाने मला पुसले आणि लेकीला म्हणाले, “पोरी, बंगलोर लांब आहे. तिथं आपलं माणूस नाही. जेवायला बसताना हा एक पाट जास्तीचा मांडत जा. प्रभूचा. म्हणजे तुला एकटं वाटायचं नाही.” एवढे बोलून ते रंध्याच्या भुशाकडे बघत बसले. बाप माणूस, दुसरे काय करणार?

तेव्हापासून मी वेगळा झालो. बाकीच्या पाटांवर माणसे बसत, आमटी सांडे, ओले पाय उमटत. मी मात्र रोज मांडला जाई, माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला जाई, पद्माकर डोळे मिटून आशीर्वाद मागे आणि जेवण झाल्यावर मथुराबाई मला पदराने पुसून भिंतीशी उभा करी. पुसण्यासारखे काही नसले तरी पुसत असे. मी जरा शेफारलोच होतो म्हणा ना!

बंगलोरातले आमचे घर दंडूच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, बाजूला, मंगलोरी कौलांचे, अर्धे. उरलेल्या अर्ध्यात घरमालक हयवदनराव आणि त्यांच्या पत्नी वसुमतीअक्का राहत. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले, असे ते अभिमानाने सांगत. त्यांची मराठी ऐकून मथुराबाईला आधी हसू येई आणि मग रडू येई. भोवती सगळे कन्नड नाही तर तमिळ. देवळातली उपासनाही परक्या भाषेतली. त्यामुळे पद्माकर कारखान्यात गेला की मराठीत बोलायला तिला दोनच आधार होते. एक मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीपलीकडच्या वसुमतीअक्का आणि दुसरा मी. म्हणजे, माझ्यावर बसतो असे ती मानी तो.

अक्का मोठ्या सोवळ्याच्या. भिंतीवरून ताकाचे पातेले द्यायच्या, लोणच्याची बरणी द्यायच्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. पहिल्यांदा खिडकीतून मला पाहिले तेव्हा विचारले, “कोण येणार आहे गं जेवायला?”

“प्रभू,” मथुराबाई म्हणाली.

“सरी,” अक्का म्हणाल्या. कानडीत ‘सरी’ म्हणजे ‘बरं’. “आमच्यात नैवेद्य दाखवतात, तुम्ही पाट दाखवता.” आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

मग अलका झाली. रांगली, चालली, बोलली आणि तिने माझ्याशी गट्टी केली. पानातले कारले ती हळूच माझ्यापुढच्या पेल्याशी सरकवी आणि म्हणे, “त्याला आवडतं.” पण पोरीच्या डोक्यात एक गणित पक्के बसले होते, ते आईबापांच्या लक्षात आले नाही. पाट जिथे, प्रभू तिथे. म्हणून स्वयंपाकघरात ती अगदी शहाण्यासारखी वागे. खोटे बोलायचे असले, साखरेचे बोट चाटायचे असले, की मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली जाई. तिथे पाट नव्हता! मला हे सगळे कळत होते. आणि खरे सांगू का, मला ते गोडच वाटे. माझ्यावाचून देवाचे पान हलत नाही असे कोणाला वाटले, तर कोणाला आवडणार नाही?

अलका शाळेत जाऊ लागली त्या वर्षी ती पायरीवरून पडली. खरचटल्याचे निमित्त झाले आणि गुडघ्याखाली सूज आली, ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, हाडात पू धरला आहे. ताबडतोब कापून काढला नाही तर पाय वाचवता येणार नाही.

इस्पितळात जायचे म्हणताच अलकाने माझा कोपरा धरला तो सोडीना. “मी नाही जाणार. प्रभू इथं जेवतो. तिथं मी एकटी पडेन.”

पद्माकरने समजावले, रागावून पाहिले, शेवटी बाहेर जाऊन डोळे पुसून आला. वेळ घालवण्याची सोय नव्हती. तेव्हा मथुराबाईने एका कडेवर लेकीला घेतले आणि दुसऱ्या काखेत मला मारले. टांग्याला इथे जटका म्हणतात. त्या जटक्यात बसून मी बंगलोर प्रथमच पाहिले: लाल माती, उंच झाडे आणि माझ्याकडे बघून हसणारी माणसे. माझी छाती फुगली होती. आज माझ्यावाचून कोणाचे चालणार नव्हते.

पण इस्पितळाच्या दारातच मुख्य नर्सबाईंनी मला अडवले. “हे लाकूड आत नाही. ढेकूण येतात.”

ढेकूण! मला, प्रभूच्या पाटाला! मथुराबाईने हात जोडले, पद्माकरने आपल्या मोडक्या इंग्रजीत विनवले. नियम तो नियम. मला व्हरांड्यात भिंतीशी टेकवले. अलकाला चाकांच्या खाटेवर घातले तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि ती ओरडली, “आई, तो बाहेर पाटावर राहिला! मग आत माझ्याजवळ कोण?”

खाट ढकलणारा माणूस थांबला. मी मथुराबाईला इतकी वर्षे ओळखत होतो. मला दिसत होते की हा प्रश्न एकट्या पोरीचा नव्हता. नगर सोडल्यापासून तिनेही प्रभूला फळीच्या एवढ्याशा तुकड्यात बांधून आणले होते. स्वयंपाकघरात तो तिचा होता. या फिनाइलच्या वासाच्या, अनोळखी भाषेच्या दारात तिलाही तो दिसत नव्हता.

मग ती वाकली आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, “अलके, मी पाट मांडते म्हणून तो येतो, असं नाही गं. तो असतोच, म्हणून मी पाट मांडते. इथं तो तुझ्या आधीच आत जाऊन बसलाय.”

“पाटाशिवाय?”

“पाटाशिवाय.”

“आणि पेरूच्या झाडाखाली?”

“तिथं पण.”

अलकाने क्षणभर विचार केला. बहुधा तिला सगळी साखर आठवली असावी. मग तिने खाटेची कड घट्ट धरली, आणि खाट आत गेली. दार लागले.

पद्माकर रक्त देण्यासाठी खालच्या मजल्यावर गेला. मथुराबाई भिंतीला धरून उभी राहिली. व्हरांड्यात बाक नव्हते. आणि माझे काय विचारता? मी कधी नव्हतो इतका निव्वळ लाकूड झालो होतो. आत प्रभू, आत अलका, आणि बाहेर मी, ढेकणांच्या संशयावरून.

इतक्यात जिन्यावरून धापा टाकत वसुमतीअक्का आल्या. हातात डबा, कपाळावर घाम. “अय्यो, उभीच आहेस? सकाळपासनं पोटात काही गेलं का? स्वल्प दहीभात आणलाय, खा.”

“नको, अक्का. घशाखाली उतरायचं नाही.”

“पोर कुठं आहे?”

“आत.”

“आणि तुझा तो, पाटावरचा?”

मथुराबाई रडत रडत म्हणाली, “तोही आतच. तिच्याजवळ.”

“सरी,” अक्का म्हणाल्या. त्यांनी मला भिंतीपासून ओढले आणि खाली मांडले. “मग पाट रिकामाच आहे की. बस.”

आणि मित्रांनो, माझ्यावर पहिल्यांदा कोणीतरी बसले. दिवसभर उभ्या राहिलेल्या एका आईचे वजन माझ्यावर आले. वजन म्हणजे काय असते ते मला तेव्हा कळले. अक्का मात्र त्या फिनाइलच्या ओल्या फरशीवर, कसला विटाळ आणि कसले काय, तशाच फतकल मारून बसल्या. डबा उघडून त्यांनी आपल्या हाताने भात कालवला आणि एकेक घास मथुराबाईच्या तोंडात घालू लागल्या. ज्याची मी इतकी वर्षे वाट पाहिली, तो मला त्या दिवशी दिसला असे मला आजही वाटते. तो माझ्यावर बसलेला नव्हता.

पाय वाचला. अलका शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी पाणी मागितले आणि मग विचारले, “आई, पाटावर कोण बसलं होतं?” हे मला मथुराबाईच्या तोंडून नंतर पुष्कळदा ऐकायला मिळाले.

“मी बसले होते.”

“मग सरी,” अलका म्हणाली. “म्हणजे तो इथंच होता.” आणि ती झोपी गेली.

घरी परतल्यावरही मी रोज मांडला जाई, पण रिकामा ठेवण्याचा हट्ट राहिला नाही. जेवणाच्या वेळी जो दारात येईल, पोस्टमन असो की कल्हईवाला, त्याला मथुराबाई माझ्यावर बसवी. माझी पितळी फुले झिजली, एक तर निखळूनच गेले. तोरा गेला आणि पाटपण आले.

पुढे पद्माकरची बढती झाली, घरात जेवणाचे टेबल आले. माणसे खुर्च्यांवर चढली आणि मी मोरीत पाण्याच्या पिंपाखाली गेलो. ओल लागून मला चीर पडली. कोणाचा दोष नव्हता. काळच तसा आला होता. तरी जेवणाआधी वरून आशीर्वादाचे शब्द ऐकू आले की माझे लाकूड तुटायचे.

हयवदनराव गेले त्या वर्षीची गोष्ट. तेराव्यानंतर एका दुपारी अक्का आमच्या दाराशी आल्या. भिंतीवरून नाही, दारातून. क्षणभर थांबल्या, आणि उंबरा ओलांडून आत आल्या. अलकाने, ती आता साडी नेसू लागली होती, लगबगीने खुर्ची पुढे केली. अक्कांनी मान हलवली. “त्या घरात एकटीला घास उतरत नाही गं, मथुरा. खुर्ची नको, पाय लोंबतात. तो पाट कुठं आहे?”

मथुराबाईने पिंप कलते केले, मला उचलले, घासले, पदराने पुसले आणि मांडले. अक्का बसल्या. मग मथुराबाई टेबल सोडून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, भात कालवला आणि पहिला घास त्यांच्या तोंडाशी नेला.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातला जुना पाट अडगळीत टाकू नका. चीर पडली असली तर बुजवा, पुसा आणि जेवताना एखादा जास्तीचा मांडा. कोणी येऊन बसले तर त्याला पोटभर वाढा. आणि कोणीच आले नाही, पाट रिकामाच राहिला, तरी खंत करू नका. प्रभू कुठेतरी फरशीवर बसून कुणाला तरी घास भरवत असेल.