बोलायची पळी

तपासनीस बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच बालवाडीच्या ताईने काय ते ओळखलं. चष्मा काढून बोलणारी माणसं सहसा चांगलं काही सांगत नाहीत.

"लेखी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण यंदा सुरू केलेल्या तोंडी परीक्षेत तुमचा पहिलीचा वर्ग अख्ख्या जिल्ह्यात शेवटचा. एकेकाला समोर बसवून चित्र दाखवलं, काय दिसतंय विचारलं. सगळी मिठाची गुळणी धरून बसली! इथल्याच सरकारी बालवाडीतून आलीत ना ही? दोन वर्षं तिथे काढून मूल तोंड उघडत नसेल, तर ती हवी कशाला? महिन्याने परत येते. तेव्हाही हेच झालं, तर बालवाडी बंद. लहानांना बसने शहरात पाठवा."

बालवाडी म्हणजे शाळेच्याच अंगणापलीकडची एक लांबट खोली. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर ताईने स्वतः रंगवलेलं चित्र, कुणाची मांजर, कुणाची छत्री. शहर तासाभरावर. तीन वर्षांचं पोर एवढ्या लांब कोण पाठवणार? पोरं घरीच राहणार, हे ताईला बाईंच्या तोंडातून वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं.

बाईंची गाडी फाटकाबाहेर पडली आणि ताई भावावर उखडली. पहिलीचे गुरुजी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. दोघं भांडायला लागली की अंगणातली कबुतरंसुद्धा उडून जात.

"दादा, माझी पोरं मुकी? अरे, त्यांची बडबड ऐकून माझे कान किटायचे!"

"मग माझ्याकडे येऊन मुकी झाली म्हणतेस?" दादा फणकारला. "माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. शिस्त म्हणतात त्याला."

"उद्या येऊन बघते तुझी शिस्त."

आणि ती खरंच आली. बालवाडी मदतनीस मावशींवर सोपवून मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसली. पाढे सुरू झाले तशी पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. दादाने विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिलं. मग त्याने भिंगरीला उभं केलं. भिंगरी म्हणजे बालवाडीत असताना एक नंबरची बडबडी. तिची आईसुद्धा तिला शाळेत सोडून सुटकेचा निःश्वास टाकायची.

"सांग, सकाळी शाळेत येताना काय काय पाहिलंस?"

भिंगरी उभी राहिली. तिने गुरुजींच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं. वाट पाहिली. मग खाली बसली.

मधल्या सुट्टीत ताईने तिला भिंतीशी गाठलं. "काय गं, येत नव्हतं उत्तर?"

"येत होतं की! बैल पाहिला, सायकलवाला पडलेला पाहिला, त्याची चप्पल नाल्यात गेली..."

"मग बोलली का नाहीस?"

भिंगरीने ताईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पळी कुठे दिली गुरुजींनी?"

ताईने कपाळावर हात मारला. कितीतरी वर्षांपूर्वी, सगळी पोरं एकदम ओरडतात म्हणून तिने मावशींच्या स्वयंपाकातली लाकडी पळी उचलून आणली होती. ज्याच्या हातात पळी, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. गाणी आणि पाढे सगळ्यांनी मिळून; वर्गात एकट्याने बोलायचं तर पळी हवीच. वर्गात मोठी माणसं आली तर नक्कीच, असं तिनेच बजावलं होतं. पोरांनी तो नियम इमानेइतबारे पाळला होता. पहिलीत पळी नव्हती, तर ती गप्प. आणि दादा त्याला शिस्त समजून कॉलर ताठ करत होता!

तिने दादाला सांगितलं. दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली. मग ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. बालवाडी बुडत होती ती तिच्याच पळीने.

"आता पळी नाही लागत," असं तिने पोरांना परोपरीने समजावलं. पोरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दादाच्या हातांकडे पाहत बसली. पक्कं शिकवलेलं असं पुसता थोडंच येतं!

महिन्याने बाई आल्या. त्यांच्या टेबलावर पळी होती.

"हे काय?"

"बाई, ती राहू द्या," ताई म्हणाली. "पळीशिवाय पोरं बोलत नाहीत. चूक माझी आहे, पोरांची नाही."

"परीक्षेत असल्या वस्तू चालत नाहीत." बाईंनी पळी बाजूला करायला उचलली आणि हातात असतानाच भिंगरीला विचारलं, "या चित्रात काय दिसतंय?"

भिंगरीने हात पुढे केला. "आता मला द्या."

ती अशी काही वाट बघत उभी राहिली, की बाईंनी गोंधळून पळी दिली. आणि धरण फुटलं! चित्रातली बाई विहिरीवर का आली, तिचा नवरा आळशी कसा, बादलीला भोक आहे म्हणून तिला किती खेपा घालाव्या लागणार, सगळं आलं. बाई मध्येच "बरं, पुढचा..." म्हणाल्या, तर भिंगरीने तोंडावर बोट ठेवलं. "पळी माझ्याकडे आहे."

तपासनीस बाई गप्प बसल्या. दादाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

पळी हातोहात फिरली. कुणी बेरीज तोंडी केली, कुणी बाईंच्या चष्म्याची गोष्ट रचली, आजवर कधी न बोललेल्या, वर्गातल्या सगळ्यात धाकल्या पोराने आपल्या शेळीच्या बाळंतपणाचं साग्रसंगीत वर्णन केलं. बाईंनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला, हसून हसून पाणी आलं होतं. शेवटी त्यांनीच निमूट हात पुढे केला. धाकल्याने जरा विचार करून पळी दिली.

"बालवाडी बंद होणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तोंडी परीक्षेत यांच्यापुढे जाईल अशी पहिली मी जिल्ह्यात पाहिलेली नाही."

"बाई, मी..." ताईने तोंड उघडलं.

"ताई, पळी!" भिंगरी ओरडली.

बाईंनी हसत पळी ताईच्या हातात दिली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना देत आलेली; स्वतः हातात धरून बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली होती, आणि तिला एक शब्द सुचेना. पोरं शांत बसून वाट बघत राहिली. तिनेच शिकवलं होतं तसं.

"जिंकलो रे!" ताईच्या तोंडून एवढंच फुटलं.

आणि अख्खा वर्ग एकदम ओरडला, बिनपळीचा. दादासकट.