लहूभाऊंच्या होडीचं बाकडं

हातात करवत आली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बढाई वाटत असेल तर आमच्या मालाडच्या सोसायटीत कुणालाही विचारा. गच्चीतल्या मिरच्यांच्या पेट्या मी आंब्याच्या खोक्यांच्या केल्यात, कारल्याचा वेल चढतो ती जाळी कुणीतरी फेकलेल्या खिडकीची आहे. भंगारवाल्या खंडूकडे चांगला माल आला की तो आधी मला फोन करतो.

म्हणून सगुणाने माझ्याकडे काम आणलं यात नवल नव्हतं. सगुणा खारदांड्याची कोळीण. वीस वर्षं ती आमच्या बाजारात मासळी विकते, आणि बोंबील ताजे की कालचे यावर भांडता भांडता आम्ही मैत्रिणी झालो. त्या दिवशी मात्र टोपली उतरवून ती नुसतीच बसली.

"नलू, होडी मोडली आमची. कुजली होती, इलाज नव्हता. आठ महिने झाले, तवापासून हा उंबरा ओलांडत नाय."

हा म्हणजे तिचा नवरा, लहू. जन्म दर्यात काढलेला माणूस आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. डॉक्टरांनी तपासलं, शरीराला काही झालेलं नव्हतं. तो तसाच पडून राहिला तर आपल्या हातचा जाईल, हीच धास्ती सगुणाला होती.

"चांगल्या फल्या ठेवल्यात मी जपून. दाराशी ठेवायला बाकडं कर गं. होडीचं लाकूड बघून तरी भायेर येऊन बसंल."

"झकास करते. तू बघच," मी म्हणाले.

आणि केलंच! खंडूकडून जुनी लोखंडी खाट आणली, तिचे अँगल कापून पाय केले. फळ्या सागाच्या, वर रंगाचे थरावर थर. सगळ्यात रुंद फळी मी बैठकीच्या बरोबर मधे घेतली. तिच्यावर तांबडे-पिवळे डाग होते, खिळ्यांचा गंज खोल उतरला असणार. मशीनला घासपेपर लावून मी दुपारभर घासलं, तेव्हा कुठे ते गेले. पॉलिश चढल्यावर बाकडं असं दिसायला लागलं की मीच दहा वेळा फिरून बघितलं.

रविवारी टेम्पोत घालून खारदांड्याला नेलं आणि त्यांच्या दाराशी मांडलं. सगुणाने आत हाक मारली. आणखी दोनदा मारली. मग लहूभाऊ उठून दारापर्यंत आले, चौकट धरून उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.

"ती मधली फली कुठची?"

"तुमच्याच होडीची, लहूभाऊ. सगळ्यात रुंद. बसून तर बघा!"

"ती होडीच्या तोंडाची फली हाय, बाय," ते म्हणाले. "नारली पुनवेला तिला हलद-कुंकू लावायचं, पाया पडायचं, मंग दर्यात जायचं. तिच्यावर मी बूड टेकू?"

माझे कान तापले. तो गंज नव्हताच. किती पुनवांचं हळदकुंकू मी एका दुपारी घासून टाकलं होतं! इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

पण रडत बसणं आपल्याला जमत नाही. मी पिशवीतून पाना काढला.

"चुकलं माझं. आत्ता काढते. कुठे लावू सांगा."

"दाराच्या वर." आणि मी नटाला पाना लावते न लावते तोच, "अगं तो नको! आधी पलीकडचा सोड, नायतर फली चिरंल!"

"नाही चिरत. बाकडं मी बनवलंय."

"आनि होडी कुनी चालवली?"

असं म्हणत ते उंबरा ओलांडून बाहेर आले, माझ्या हातातला पाना हिसकला आणि बाकड्याशी उकिडवे बसले. सगुणाने तोंडावर हात ठेवला. मी तिला डोळ्यांनीच दटावलं, बोलू नकोस.

फळी निघाली. त्यांनी ती कपाळाला लावली, सगुणाकडून हळदकुंकू मागून घेतलं आणि कोऱ्या लाकडावर पुन्हा बोटं उमटवली. मग स्टुलावर चढून स्वतःच ती दारावर ठोकली. खाली बाकड्याच्या मधोमध मोठी फट राहिली.

"खंडूकडे सागाचा तुकडा असेल. उद्या बसवते," मी म्हणाले.

"भंगारातला? माज्या होडीला?" ते भडकले. "बंदरावर मोडलेल्या होड्यांची लाकडं पडलीत. सकाली ये, मी निवडून देतो. तुला लाकडातलं काय कलतं!"

मला लाकडातलं काय कळतं! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.

"सातला. उशीर केलास तर मी थांबनार नाय."

सगुणा तोवर मोरीत जाऊन त्यांच्या बुरशी चढलेल्या चपला धुवायला लागली होती.