शालिनीताईंचा कोनाडा

शुक्रवारी शालिनीताई दामल्यांचा कोनाडा प्रार्थनाघराच्या भिंतीत हातभर आत सरकला. शनिवारी आणखी हातभर. भिंत जेमतेम वीतभर जाडीची, पलीकडे जांभळाचे झाड. पण कोनाडा काही झाडापाशी बाहेर पडला नाही. आतला बाळकृष्ण तेवढा लांब लांब जात राहिला.

त्या प्रार्थनाघरात सगळ्या धर्मांची माणसे येत आणि प्रत्येकाला आपापला कोनाडा असे. रीत एकच: आपला कोनाडा आपण पुसायचा नाही, दुसऱ्याने पुसायचा. शालिनीताईंकडे पुसायला फिलोमिनाचा क्रूस होता. तो लख्ख करताना आपले मन किती मोठे, असे त्यांना वाटे, आणि हे चारचौघांत सांगायलाही त्या चुकत नसत. या महिन्यात त्यांचा कोनाडा विशाखाकडे आला. विशाखा बौद्धवाड्यातली. तिने बाळकृष्णाला मायेने पुसून जागेवर ठेवले. तिची पाठ वळताच शालिनीताईंनी पिशवीतून गंगाजलाची बाटली काढली आणि देवाला पुन्हा आंघोळ घातली. कुणी पाहिले नाही. जित्याची खोड, दुसरे काय. कोनाडा सरकू लागला तो त्यानंतर.

रविवारी माणसे जमली तेव्हा देवाला गाठायला म्हणून शालिनीताई कमरेपर्यंत आत शिरल्या होत्या. आत पाणी अजून साचलेले होते.

"फिलोमिना, हा खोल वाटतो का गं तुला?"

"नाही ताई, हात पुरतो की." फिलोमिनाचा हात त्यांच्या कानाजवळून गेला, देवाला लागला आणि परत आला.

त्या आणखी सरपटल्या. आता मागे वळता येईना. बाहेर सतरंज्या अंथरल्या गेल्या. सगळे कोनाडे पुसून झाल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे.

"ताई, तुमचा राहिलाय," विशाखाचा आवाज आला. "मी पुसला तर चालेल ना?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. शालिनीताईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. 'चुकले गं माझे' एवढेच म्हणायचे होते, पण बाहेर सगळे ऐकत होते.

"अगं, चालेल की," त्या म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"

कोनाडा त्यांना घेऊन आणखी हातभर आत गेला. बाहेर त्यांचे तळवे तेवढे उरले. विशाखाने फडके पिळले आणि आधी डावा तळवा पुसायला घेतला.